'एआयने डोळे तपासले' म्हणजे नक्की काय तपासलं?

संपादक महोदय,

एआय आता डोळ्यांचे आजार ओळखणार, डॉक्टरपेक्षा अचूक, फक्त एक फोटो पुरे, असल्या बातम्या आजकाल सगळीकडे दिसतात. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे आणि नजर तपासणारी आहे, डोळ्याच्या पडद्याचे (रेटिनाचे) फोटो काढणं हे माझं रोजचंच काम, त्यामुळे या बातम्या वाचल्या की आनंदही होतो आणि थोडी चिडचिडही होते, म्हणून हे पत्र.

आधी आनंदाचं सांगते, कारण हे सगळं थोतांड आहे असं म्हणणारेही भेटतात आणि ते चूक आहे. डायबेटिसमध्ये पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आधी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात, मग रक्त झिरपतं, पिवळट डाग दिसायला लागतात, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) पेशंटला यातलं काहीच जाणवत नाही, नजर मस्त असते. जाणवतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून टाइप २ वाल्यांनी निदान झाल्या झाल्या आणि नंतर साधारण दरवर्षी पडदा तपासून घ्यायचा असतो, पण त्रासच नाही तर कोण जातंय! आणि सगळे गेले तरी ते फोटो बघायला तेवढे डॉक्टर आणायचे कुठून? इथे मशीन खरंच कामाचं आहे. २०१६ मध्ये गूगलच्या टीमने सव्वा लाखाच्या वर फोटो वापरून असा प्रोग्रॅम शिकवला, डॉक्टरांनी ग्रेड दिलेले (आजार किती वाढलाय ते ठरवलेले) फोटो दाखवत दाखवत, आणि त्याचे रिझल्ट नेत्रतज्ज्ञांच्या तोडीचे आले. त्यात आपल्याकडच्या अरविंद आय हॉस्पिटल आणि शंकर नेत्रालयाचाही सहभाग होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता चिडचिड. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) आयडीएक्स-डीआर नावाच्या सिस्टीमला परवानगी दिली, डॉक्टरने फोटो न बघता स्वतःच निर्णय देणारी ही पहिलीच. पण परवानगी कशासाठी होती ते नीट वाचा. डायबेटिस असलेल्या, २२ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या लोकांसाठी, आणि एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी: डायबेटिसमुळे पडद्यावर सौम्यपेक्षा जास्त बिघाड झालाय का? बस. काचबिंदू बघत नाही, बाकीचं काही बघत नाही. पडद्यावर आधी लेझरचे उपचार झालेले असतील, नजर कायमची कमी झाली असेल, धुरकट दिसत असेल, डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगत असतील, तर अशांनी हे मशीन वापरायचंच नाही, थेट डॉक्टर, असंही एफडीएने सांगितलेलं. म्हणजे ज्याला काही त्रास होतोय त्याच्यासाठी ते नाहीच! आणि घरोघरी याच्या बरोबर उलटं चालतं, दिसायला त्रास होतोय ना, मग जा तो फोटो काढून ये.

त्या सिस्टीमच्या चाचणीत आजार असलेल्यांपैकी साधारण ८७ टक्के लोक तिने बरोबर पकडले. चांगलाच आकडा आहे, माणूस डॉक्टरही शंभरातले शंभर पकडत नाही. पण शंभरातले तेरा सुटले हेही त्याच आकड्यात आहे, म्हणून तर रिपोर्ट चांगला आला तरी १२ महिन्यांनी परत या असं ते मशीन सांगतं. पेशंटपर्यंत पोचेपर्यंत त्याचं 'डोळे एकदम ओके' झालेलं असतं आणि पुढची चार वर्षं तो फिरकत नाही.

आणि फोटो! सगळा खेळ फोटोवर आहे आणि बातमीत त्याबद्दल एक ओळ नसते. वयस्कर माणसाची बाहुली लहान, त्यात मोतीबिंदू, वर पापणी मिटते, खोलीत उजेड जास्त, की फोटो धुरकट आलाच म्हणून समजा. थेंब घालून बाहुली मोठी केली तर बरा येतो पण मग तासन् तास अंधुक दिसतं, लोक वैतागतात. थायलंडमध्ये गूगलचीच सिस्टीम दवाखान्यांमध्ये वापरून बघितली, तिथल्या ११ दवाखान्यांवरचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला, त्यात पहिल्या सहा महिन्यांत १८०० च्या आसपास फोटोंपैकी २१ टक्के फोटो मशीनने क्वालिटी नाही म्हणून नाकारले. लॅबमध्ये हुशार ठरलेलं मशीन आणि अंधार न करता येणारी खोली, स्लो इंटरनेट, बाहेर रांग! फोटो नाकारला की पेशंटला सांगायचं दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, आणि तो जाईलच याची काय गॅरंटी? माझ्या मते ज्याचा फोटो आला नाही त्याला डॉक्टरकडे पाठवलंच पाहिजे, कारण ज्या मोतीबिंदूने फोटो खराब केला तोही आजारच आहे की.

आणि एआय एआय म्हणजे एकच काहीतरी आहे असंही नाही. २०१८ मध्येच डीपमाइंड (गूगलच्याच गटातली एआय कंपनी) आणि लंडनच्या मूरफिल्ड्स आय हॉस्पिटलने पन्नासहून जास्त आजारांसाठी कोणाला किती लवकर पाठवायचं ते सांगणारी सिस्टीम दाखवली, पण ती ओसीटी स्कॅनवर (यात पडद्याचे आतले थर दिसतात), साध्या फोटोवर नाही. दोन्हींची बातमी मात्र सारखीच छापली जाते.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशी बातमी आली की कंपनीच्या माणसाला विचारा, नक्की कुठला आजार, कुठल्या पेशंटसाठी, आणि ज्यांचे फोटो नीट आले नाहीत त्यांना टक्केवारीत धरलंय का वगळलंय. शेवटचा प्रश्न तर विचाराच, कारण त्यांना वगळलं की आकडा आपोआप छान दिसतो.

आपली वाचक,
एक ऑप्टोमेट्रिस्ट