शुल्क घेतलेत, तर गाणे ऐकायला हवे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन संगीत प्रवेशिका सेवा

विषय : न ऐकलेल्या गाण्यांचे शुल्क परत मिळण्याबाबत आणि अर्जपद्धतीतील दोष दूर करण्याबाबत.

महोदय,

नाशिकमध्ये स्वतःच्या खर्चाने गाणी रेकॉर्ड करून प्रसिद्ध करणाऱ्या गायक, वादक आणि संगीतकारांच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत. आपल्या संकेतस्थळावर आम्ही प्लेलिस्ट, महोत्सव आणि वेब मालिकांच्या संगीतासाठी शुल्क भरून प्रवेशिका पाठवल्या. व्यवहार क्रमांक, तारखा, रकमा आणि आपली उत्तरे सोबतच्या तक्त्यात आहेत.

शुल्काला आमचा सरसकट विरोध नाही. जाणकाराने गाणे कान देऊन ऐकायचे आणि त्यावर चार ओळी लिहायच्या, हे कष्टाचे काम आहे आणि त्याचे पैसे द्यायला हवेत. ग्रूव्हर या अशाच प्रवेशिका सेवेवर सात दिवसांत उत्तर आले नाही तर क्रेडिट (शुल्कासाठी आगाऊ विकत घेतलेले गुण) परत मिळते. तिथे निवडीची हमी नसते, ऐकण्याची असते, आणि कोण ऐकणार हे अर्जदार स्वतः निवडतो. आपल्या पावतीवर मात्र फक्त ‘प्रवेश शुल्क’ लिहिलेले असते. कोण ऐकणार, किती दिवसांत ऐकणार, नाही ऐकले तर काय, याचा त्यात उल्लेख नाही. तक्रारीचे मूळ तिथे आहे.

गाणे ऐकले गेले की नाही, हे तपासता येते. साउंडक्लाउड या गाणी ठेवण्याच्या संकेतस्थळावर गाण्याची वेगळी खासगी प्रत चढवायची, तिची लिंक फक्त एका प्रवेशिकेत द्यायची आणि नकार आल्यावर त्या प्रतीचा प्ले आकडा, म्हणजे ती किती वेळा वाजवली गेली, ते पाहायचे. तक्त्यात ज्या नोंदींपुढे खूण आहे, त्या प्रतींचा आकडा नकार आला त्या दिवशीही शून्य होता. तरीही उत्तरात ‘आमच्या परीक्षकांनी आपले गाणे लक्षपूर्वक ऐकले’ असे वाक्य आहे. बासरीच्या निव्वळ वादनाला ‘आवाज गोड आहे, शब्दोच्चार अजून स्पष्ट हवेत’ असा अभिप्राय आला. त्याचा स्क्रीनशॉट जोडला आहे.

आणखी एक अभिप्राय वारंवार येतो : ‘मास्टरिंग कमजोर, लाउडनेस वाढवा.’ मास्टरिंग म्हणजे तयार गाण्याच्या आवाजावर फिरवलेला शेवटचा हात. ही गाणी उणे १४ एलयूएफएस (गाण्याच्या सरासरी आवाजाचे माप) आणि उणे १ डीबी ट्रू पीक (आवाजाचे सर्वांत उंच टोक) या मापावर मास्टर केलेली आहेत, म्हणजे स्पॉटिफाय स्वतः जे माप सुचवते तेच. त्याहून मोठ्या आवाजाचे गाणे दिले तर तिथे मूळ सेटिंगवर त्याची पातळी खाली आणली जाते. मग लिमिटरने (आवाजाची उंच टोके दाबणाऱ्या साधनाने) दाबून हाती काही लागत नाही, उलट पखवाजाची थाप आणि टाळांची किणकिण चेपली जाते. अभंग गाणाऱ्या नवख्या मुलाने हा सल्ला खरा मानून पुन्हा मास्टरिंगचे पैसे घातले, तर त्याचे नुकसान दुहेरी आहे. जाणकार म्हणून पैसे घेणाऱ्याने असा सल्ला देऊ नये.

आता अर्जाविषयी. त्यात भाषेचा रकानाच नाही. प्रकारांच्या यादीत टेक्नो या क्लब संगीताचे पोटप्रकार आहेत, पण भावगीत, अभंग, लावणी, पोवाडा, गझल यांपैकी एकही नाही. मराठी गाणे भरायचे तर ‘वर्ल्ड’ किंवा ‘इतर’ हेच पर्याय उरतात आणि ते कोणत्याही परीक्षकाकडे जाते. ज्या प्लेलिस्टवर फक्त क्लब संगीत आहे, तिथे भावगीत कितीही उत्तम असले तरी नाकारलेच जाणार. तो नकार गाण्याच्या दर्जाचा नसून चुकीच्या पत्त्याचा असतो, आणि तो पत्ता आपल्या अर्जाने घातलेला असतो. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या पानावर संपादकीय प्लेलिस्टसाठी (स्पॉटिफायचे संपादक स्वतः निवडतात त्या याद्यांसाठी) गाणे सुचवायला एक पैसा लागत नाही. गाणे वितरकामार्फत (कलाकारांची गाणी ॲपपर्यंत पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत) आधी पोहोचवून प्रदर्शनाच्या किमान सात दिवस अगोदर सुचवले, की ते अनुयायांच्या रिलीज रडारमध्येही (नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या प्लेलिस्टमध्ये) जाते. तो विनामूल्य अर्ज भाषा, भाव आणि वाद्ये विचारतो, शिवाय ५०० अक्षरांत गाण्याची माहिती लिहू देतो. आपण पैसे घेऊन यातले काहीच विचारत नाही.

‘हमखास प्लेलिस्ट’ हा पर्याय तर ताबडतोब बंद व्हायला हवा. प्लेलिस्टमधली जागा किंवा स्ट्रीम (गाणे वाजल्याची नोंद) पैसे देऊन विकत घेणे स्पॉटिफायच्या नियमांत बसत नाही. बनावट ऐकणे ओळखायला फार वेळ लागत नाही : सगळे श्रोते एकाच परक्या शहरातले, गाणे स्वतःच्या यादीत जपून (सेव्ह करून) ठेवणारे जवळपास शून्य, अनुयायी वाढत नाहीत, आणि प्लेलिस्टवरून गाणे निघाले की आलेख त्याच दिवशी जमिनीवर येतो. आपल्या या पर्यायातून मिळालेल्या प्रसिद्धीचे आलेख असेच आहेत. २०२४ पासून उघडउघड बनावट स्ट्रीम आढळल्यास स्पॉटिफाय लेबल (संगीत कंपन्या) आणि वितरकांना गाण्यागणिक दंड लावते. वितरक तो भार कलाकारावर टाकू शकतो किंवा गाणेच काढून टाकू शकतो. आपली रक्कम तोवर जमा झालेली असते. भोगावे लागते ते कलाकाराला, आणि त्याला हा धोका पैसे भरण्यापूर्वी कुठेही सांगितलेला नाही.

महोत्सवांच्या प्रवेशिकांत आयोजकाचे नाव, मानधन आणि एकूण जागा लपवलेल्या असतात. समजा शुल्क ३०० रुपये आहे, प्रवेशिका ५०० आल्या आणि जागा एक. जमा झाले १,५०,००० रुपये. निवडलेल्या कलाकाराला त्यातून काय मिळणार आणि नाशिकहून जाण्या-राहण्याचा खर्च कोण करणार, हे आधी कळले तर माणूस शहाणपणाने ठरवेल. त्याच जाहिरातीची अंतिम तारीख दरवेळी पुढे ढकलली जाते, तेव्हा जागा खरोखर आहे का, अशी शंका येते.

पैसे भरण्याच्या पानावरचे ‘फक्त १० मिनिटे उरली’ हे घड्याळ पान पुन्हा उघडले की पुन्हा दहापासून सुरू होते, आणि जीएसटी व ‘प्राधान्य शुल्क’ शेवटच्या टप्प्यावरच दिसते. खोटी घाई आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे हे दोन्ही प्रकार केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत नावानिशी आहेत.

हक्कांचे कलम त्याहून गंभीर आहे. प्रवेशिका पाठवताच गाणे आपल्या ‘प्रचारासाठी’ वापरण्याचा परवाना आपल्याला मिळतो, पण त्याची मुदत आणि प्रदेश अटींत लिहिलेले नाहीत. कॉपीराइट कायद्यानुसार (कलम १९ आणि ३०अ) मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. नाकारलेल्या गाण्यावर पाच वर्षांचा परवाना कशासाठी?

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. खूण केलेल्या नोंदींचे पूर्ण शुल्क जीएसटीसह, ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावे. क्रेडिटच्या रूपात नको. यापुढे प्रत्येक संधीच्या पानावर आयोजक, मानधन, जागा आणि आलेल्या प्रवेशिकांची संख्या पैसे भरण्याआधी दिसावी. ठरलेल्या मुदतीत ऐकले नाही तर शुल्क आपोआप परत जावे. अर्जात भाषेचा रकाना यावा आणि मराठी कळणारे परीक्षक नेमावेत. ते मिळेपर्यंत मराठी गाण्यांचे शुल्क घेऊ नये. नकाराबरोबर परवाना संपेल, अशी दुरुस्ती अटींत व्हावी.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. आपले कार्यालय दुसऱ्या शहरात असले तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगाचे शुल्क नाही. संगीत हा ‘व्यावसायिक हेतू’ आहे, म्हणून आम्ही ग्राहकच नाही, असा बचाव आपण कराल, म्हणून आधीच नोंदवतो की ही सेवा आम्ही केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतली आहे.

लेखी उत्तर याच ईमेलवर पाठवावे.

आपले,
नाशिकमधील स्वतंत्र गायक, वादक व संगीतकार

सोबत : व्यवहारांचा तक्ता, पावत्या, प्ले आकड्यांचे आणि अभिप्रायांचे स्क्रीनशॉट, ‘हमखास प्लेलिस्ट’चे आलेख