खेळाच्या तासाला शिट्टी जरा खिशात ठेवा

सर्व क्रीडाशिक्षक सदस्यांना आठवण : आठवड्यातून एक खेळ पंचाविना घ्यायचा आहे. चेंडू लागला की मुलाने स्वतः हात वर करून बाहेर यायचे. 'सर, हा आउट आहे' ही तक्रार ऐकून घ्यायची नाही. वाद मिटलाच नाही तर तेवढा डाव पुन्हा. अल्टिमेट फ्रिस्बीत (चकती फेकून खेळायचा सांघिक खेळ) स्पर्धेतही फाउल खेळाडूच सांगतात, तेव्हा हे अशक्य नाही.

अडचण वेगळीच आहे. बाद झालेल्या मुलाला उरलेला तास कडेला बसवले, तर ते खोटे बोलणारच! (आपणही लहानपणी बोललोच की.) म्हणून बाद झालेल्याला दोन मिनिटांत परत खेळात घ्या. गुण मांडताना, स्वतःहून चूक सांगणाऱ्याचे नाव मोठ्याने घ्या, पण बक्षीस नको. मुले मग बक्षिसासाठी चुका सांगू लागतात.

गोष्ट हवी असेल तर १९६४ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकची सांगा. इटलीच्या युजेनियो मोंटीने प्रतिस्पर्धी ब्रिटिश जोडीला स्वतःच्या बॉबस्लेचा (बर्फावरच्या शर्यतीच्या घसरगाडीचा) बोल्ट दिला. सुवर्ण त्यांना मिळाले, मोंटीला कांस्य.

अनुभव शनिवारपर्यंत गटावर लिहा. फसलेले आधी.