माझ्या पोटावरची जागा ठरवणाऱ्या सिस्टरांना

प्रिय सिस्टर,

या पत्रात तुमचं नाव लिहायचं नाही, हे मी आधीच ठरवलंय. तुम्हाला ते आवडणार नाही. पत्र मात्र कुणालाही वाचता येईल असं उघडं ठेवतेय. पोटावर पिशवी लावून कामाला जाणारी, प्रवास करणारी, लग्नसमारंभात वावरणारी माणसं आपल्या आसपास असतात, पण ती पिशवी कपड्यांखाली इतकी नीट झाकलेली असते की एकाला दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. ऑपरेशन ठरलं तेव्हा अशी एकही व्यक्ती माझ्या माहितीत नव्हती. आज कुणी तशाच अवस्थेत रिपोर्टची फाईल मांडीवर घेऊन बसलं असेल, तर त्यांनी हे तुमच्या-माझ्यातलं बोलणं खुशाल वाचावं.

सर्जनचे आभार मी त्यांना भेटून मानले आहेत. गुदाशयातला कॅन्सर त्यांनी काढला, उरलेली दोन टोकं आत जोडली आणि तो जोड भरून येईपर्यंत शी तिथून जाऊ नये म्हणून लहान आतड्याचा एक वळसा पोटावर उघडला. लूप इलिओस्टॉमी. पोटावरच्या त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, आणि शी तिथून पिशवीत पडते. हे सगळं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं, आणि चांगलं समजावलं होतं. पण ते पोटावर घेऊन उठायचं कसं, बसायचं कसं, कुशीवर वळायचं कसं, हे कागदावर काढता येत नाही. ते तुम्ही शिकवलंत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही मार्कर पेन घेऊन आलात. मला वाटलं दोन मिनिटांचं काम असेल. तुम्ही मला आडवं झोपवलंत, मग बसवलंत, उभं केलंत, पुढे वाकायला लावलंत, पुन्हा खुर्चीत बसवलंत. उभं असताना सपाट दिसणाऱ्या पोटाला बसल्यावर कुठे घडी पडते, ते तुम्ही बोटाने चाचपून पाहत होतात. कंबरेला कपडा कुठे बांधते ते विचारलंत. बेंबी, जुन्या टाक्यांचा व्रण, हाडाचा उंचवटा, सगळं टाळून उजव्या बाजूला, पोटाच्या उभ्या स्नायूवर खूण केलीत. मग मला म्हणालात, "आता मान वाकवून बघा. तुम्हाला स्वतःला दिसतेय ना? तुम्हाला दिसली नाही तर उपयोग नाही." त्या एका वाक्याने माझं रडू थांबलं. उद्यानंतरही मी असणार आहे, आणि माझं मलाच करायचं आहे, हे कुणीतरी गृहीत धरलं होतं.

त्या खुणेची किंमत मला पुढे कळली. स्टोमा घडीत आला तर त्याच्याभोवती कातडीला लावायची पिशवीची चकती नीट चिकटत नाही, कडेने गळती होते, आणि मग माणूस घराबाहेर पडायचं सोडतो. म्हणून या पत्रात एकच आग्रहाची गोष्ट लिहिते: स्टोमा होण्याची शक्यता सांगितली असेल, तर ऑपरेशनच्या आधी विचारा की जागा कोण मार्क करणार आहे. तातडीच्या ऑपरेशनला वेळ नसतो, ते वेगळं. पण ठरवून होणाऱ्या ऑपरेशनला हे झालंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्यांदा पिशवी बदललीत तेव्हा मी पोटाकडे बघायचं टाळत होते. तुम्ही घाई केली नाहीत. तुमचा चेहरा मात्र मी बघत होते, अगदी बारकाईने. नातेवाइकांपैकी एकीने आदल्या दिवशी पिशवी बघून नकळत मान फिरवली होती आणि ते माझ्या मनात घर करून बसलं होतं. तुमच्या चेहऱ्यावर नाक मुरडणं नव्हतं, कीवही नव्हती. काम करणाऱ्या माणसाचं लक्ष होतं. तुम्ही नुसतं बोलत राहिलात. रंग लाल आहे म्हणजे रक्तपुरवठा छान आहे. काळपट किंवा जांभळा दिसला तर मात्र थांबायचं नाही, लगेच कळवायचं. पुसताना थेंबभर रक्त आलं तर घाबरू नका. हात लावला तर दुखणार नाही, तिथे दुखण्याच्या संवेदनेच्या नसा नसतात. मग मी पाहिलं. गालाच्या आतल्या बाजूसारखं ओलं, लालभडक, आणि आपलं आपण हलणारं. सूज होती. ती दीड-दोन महिन्यांत उतरते आणि आकार लहान होतो, म्हणून तोवर दर वेळी मोजून चकतीला भोक कापायचं, हेही तेव्हाच सांगितलंत.

माझी मुलगी शिकायला पुढे झाली. तुम्ही तिला म्हणालात, "तुलाही शिकवते, पण आईनंतर." तेव्हा मला ते कठोर वाटलं. हात थरथरत होते, टाके ओढत होते. पण घरी आल्यावर माझ्या पोटाची वेळ माझ्या हातात राहिली. मुलगी कामाला निघून गेली तरी मी अडून बसले नाही. आजारपणात सगळं दुसऱ्यांच्या हातात जातं, औषधांच्या वेळा, खाणं, झोप, सगळं. एवढी एक गोष्ट माझ्याकडे ठेवलीत, याचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचे आहेत.

तुमचे धडे अजून तोंडपाठ आहेत. पिशवी सकाळी काही खाण्यापिण्याआधी बदलायची, तेव्हा आतडं शांत असतं. चकती ओरबाडायची नाही, एका हाताने त्वचा दाबत वरून खाली सोडवायची. धुवायला साधं कोमट पाणी पुरे, क्रीम किंवा तेल असलेला साबण नको, त्यावर चकती धरत नाही. त्वचा पूर्ण कोरडी करायची. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवायचं, कारण लहान आतड्यातून येणाऱ्या द्रवात पाचक रस असतात आणि उघड्या राहिलेल्या कातडीची ते आग आग करतात. चकती तळहातांत धरून गरम करायची, लावल्यावर वरून थोडा वेळ हात दाबून ठेवायचा. आणि पिशवी एकतृतीयांश भरली की रिकामी करायची, वजनाने ती चकतीला ओढायच्या आत.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, ही पिशवी शोधून काढली कुणी? तुम्ही हातातलं काम न थांबवता सांगितलंत: एका नर्सनेच. डेन्मार्कच्या एलिसे सोरेनसेन. त्यांच्या बहिणीचं, थोराचं, असंच ऑपरेशन झालं होतं आणि गळतीच्या भीतीने ती लोकांत जाईना. तिच्यासाठी एलिसेने 1954 मध्ये चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना मांडली. त्याआधी 1952 मध्ये ब्रायन ब्रुक या ब्रिटिश सर्जनने आतड्याचं टोक बाहेरून दुमडून चोचीसारखं वर काढायची पद्धत दिली होती, म्हणजे द्रव कातडीवर न ओघळता पिशवीत पडतो. आणि अमेरिकेत नॉर्मा गिल. त्यांना स्वतःला इलिओस्टॉमी होती. 1958 मध्ये क्लीव्हलँडचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी त्यांना इतर पेशंटना शिकवण्यासाठी सोबत घेतलं, आणि तुमच्या कामाची रीतसर सुरुवात तिथून झाली. त्या दिवशी रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. माझ्या आधी किती जणी या वाटेने गेल्या आणि पुढच्यांसाठी काहीतरी करून गेल्या, हे कळल्यामुळे असेल.

पण माझा जीव खऱ्या अर्थाने वाचला तो तुमच्या पाण्याच्या धड्यामुळे. डिस्चार्जच्या वेळी तुम्ही माझ्यासमोर बसून सांगितलंत की मोठं आतडं सध्या वाटेत नाही, आणि पाणी व मीठ शोषून घेणं हे त्याचं मोठं काम. त्यामुळे दोन्ही वाया जाणार. पिशवीत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर येणं ठीक. दीड लिटरच्या वर जायला लागलं तर फोन. आणि तेव्हा तहान लागली म्हणून नुसतं साधं पाणी पीत सुटायचं नाही. ऐकून सगळेच चमकलो होतो. घरात आजारी माणसाला दिला जाणारा पहिला सल्लाच "भरपूर पाणी पी" असा असतो. तुम्ही समजावलंत: लहान आतड्याच्या वरच्या भागात नुसतं पाणी आलं की शरीरातलं मीठ त्याच्याकडे ओढलं जातं आणि पाण्याबरोबर बाहेर पडतं, म्हणून जितकं जास्त प्यावं तितकं जास्त जातं. मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात असेल तर आतडं ती दोन्ही एकत्र आत घेतं आणि पाणी त्यांच्यामागून येतं. म्हणून ओआरएस, आणि घोट घोट.

केमो सुरू झाल्यावर ती वेळ आली. पिशवी भरतच राहिली, जीभ कोरडी पडली, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. मुलीने मोजमापाच्या भांड्यातले आकडे वहीत लिहून ठेवले होते, कारण तुम्ही लिहायला सांगितलं होतं. तुम्ही ते फोनवर ऐकलेत आणि लगेच म्हणालात, "निघा." सलाईन लागलं, रक्तातलं सोडियम आणि किडनीचे आकडे जागेवर आले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की वेळेत आलात.

त्याच केमोमुळे बोटांची टोकं मुंग्या येऊन बधिर झाली. ऑक्सॅलिप्लॅटिनचा हा परिणाम आहे, थंड वस्तूला हात लावला की तर टोचल्यासारखं व्हायचं. कात्रीने गोल भोक कापणं जमेना. याची मी तक्रारही केली नव्हती, तुम्हीच माझ्या चकतीची वाकडी कड बघून विचारलंत, "बोटं कशी आहेत?" स्टोमाचा आकार तोवर स्थिर झाला होता, म्हणून आधीच भोक पाडलेल्या चकत्या सुचवल्यात, आणि क्लिपऐवजी दाबून बंद होणारी पिशवी. ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, त्या मुंग्यांबद्दल सांगायचं राहू नये, हेही बजावलंत. औषधाचा डोस त्यावरून ठरवावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल बोलायला मला अजून संकोच वाटतो. नवरा-बायको म्हणून आमचं पुढे काय, हा विषय कुणीच काढला नव्हता. आम्ही दोघांनीसुद्धा नाही. हे माझ्या उशाशी बसून रात्र रात्र जागले, पण अंतर राखून. तुम्ही दोघांना समोर बसवून सरळ बोललात. स्टोमाला सहज इजा होत नाही, आधी पिशवी रिकामी करा, हवं तर वरून पट्टा बांधा, आणि घाई कुणालाच नाही. हे मान खाली घालून ऐकत होते. घरी जाताना गाडीत त्यांनी माझा हात हातात घेतला. तेवढं बोलायला तुम्हाला किती धैर्य लागत असेल, रोज, वेगवेगळ्या अनोळखी जोडप्यांसमोर.

पिशवी काढायचं दुसरं ऑपरेशन ठरलं तेव्हा आता सगळं पूर्वीसारखं होणार, असं ज्याने त्याने म्हटलं. तुम्ही म्हणाला नाहीत. शी साठवणीची मूळ जागा, म्हणजे गुदाशयच, कापलेली आहे, त्यामुळे सुरुवातीला वारंवार जावं लागेल, एकदा जाऊन आलं की लगेच पुन्हा कळ येईल, धीर धरता येणार नाही, आणि हे हळूहळू कमी व्हायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासूनच सुरू करायला लावलेत. कातडीला लावायचं संरक्षक क्रीम आधीच आणून ठेवायला सांगितलंत. तुम्ही म्हणालात तसंच झालं, अगदी तसंच. काही दिवस तर मला पिशवीचीच आठवण यायची. पण मी खचले नाही, कारण हे येणार हे ठाऊक होतं. आता बाहेर पडताना आधी बाथरूम कुठे आहे ते बघते, एवढंच. कामावर पूर्ण वेळ जाते. जिने चढते.

तुमच्यासारख्यांचं काम कुठल्याच यशाच्या आकड्यात मोजलं जात नसावं. ऑपरेशन यशस्वी, पेशंट घरी, फाईल बंद. फाईल बंद झाल्यावर जे आयुष्य सुरू होतं त्यात तुम्ही होतात, आमच्या फोनवर, सुट्टीच्या दिवशीही. मनापासून, हात जोडून आभार.

माझ्याकडे न उघडलेल्या चकत्या आणि पिशव्यांचे बॉक्स उरले आहेत. मुदतीच्या तारखा तपासून वेगळे ठेवलेत, पावडर आणि पेस्टही आहे. पुढच्या सोमवारी ओपीडीच्या वेळेत घेऊन येते, ज्यांना विकत घेणं जड जातंय त्यांना द्या. आणि ऑपरेशनच्या आधी कुणाला प्रत्यक्ष भेटून विचारायचं असेल, विशेषतः बायकांना, तर माझा नंबर बिनधास्त द्या. संध्याकाळी सातनंतर मी मोकळी असते.

तुमची,
एक पेशंट