बेंगळुरूचं विचारणार नाही

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, रात्र

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पहाटेच्या गाडीने गेलीस, चहासुद्धा न घेता. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. डबा ओट्यावरच राहिला. थालीपिठं मी खाल्ली, पण घशाखाली उतरेनात.

बेंगळुरूच्या कामाचं विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. निर्णय तुझा. एवढंच सांग, 'नाही' कळवणार आहेस ते काम पटलं नाही म्हणून, की तिथे खोलीत दुसरी मुलगी असेल आणि रात्री विग काढावा लागेल म्हणून? बघ, विचारलंच.

दहावीत वेणी घालताना आईला पहिली चाई दिसली, केस गेलेला गोल चट्टा, रुपयाएवढा. तू हसलीस, घाबरलो आम्ही. नलूआत्याचं ऐकून मी रोज रात्री लासलगावचा कांदा किसून रस चोळायचो. वर्गात पोरी नाक धरायच्या, हे तू मला चार वर्षांनी सांगितलंस. बोअरचं पाणी, शाम्पू, तुझं जागरण, सगळ्यांवर आळ घेऊन झाला माझा. मग डॉक्टरांनी समजावलं, शरीराची रोगाशी लढणारी फौजच केसांच्या मुळांना परकं समजते. मुळं मरत नाहीत, म्हणून केस येतातही आणि पुन्हा जातातही. तुझे तसेच आले, गेले. मग भुवया, पापण्या. पापण्या नाहीत तर धूळ थेट डोळ्यात जाते, गाडीवर गॉगल घालत जा. बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत या आजारासाठी 2022 साली मंजुरी मिळाली, ते कात्रण मीच तुला दिलं होतं ना? मग रक्ततपासणी चुकवू नकोस, गोळी मनाने बंद करू नकोस. झालं, सुरू झालं माझं. माफ कर.

आजीच्या दहाव्याला रामकुंडावरून मुंडन करून आलो तेव्हा तू साडेचार वर्षांची. "बाबा, आंब्याची कोय!" म्हणत दिवसभर माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतीस. लोक मला हळू आवाजात विचारायचे, कोण गेलं? तुला परवा लग्नात त्या बाईंनी विचारलं, केमो चालू आहे का. तू हसून "नाही हो, चाई आहे" म्हणालीस आणि जिलबी घेतलीस. मी लांबून पाहत होतो. मला जमलं नसतं.

आणि तरी शनिवारी मीच म्हणालो, स्थळाकडच्या पाहुण्यांना पहिल्या भेटीत सांगू नकोस. "मी काय चोरी केलीय?" तू म्हणालीस. माझा आवाज चढला, कारण उत्तर नव्हतं.

रात्री झोप लागली नाही. तू पोहणं सोडलंस. तीन वर्षं रंगपंचमीला आली नाहीस. एके काळी माझ्या खांद्यावर बसून शनी चौकातल्या रहाडीत, रंगाच्या त्या हौदात, उड्या मारणाऱ्यांना पाहत नखशिखांत भिजायचीस. हे लपणं तुला कुणी शिकवलं म्हणून आठवत बसलो, तर पहिली टोपी मेनरोडवरून मीच आणलेली निघाली. तू मागितली नव्हतीस.

पाहुण्यांना मी फोन केलेला नाही. काय आणि कधी सांगायचं ते तूच ठरव.

तुझा,
बाबा

ता. क. गॉगल इथेच राहिलाय, उद्या पाठवतो. बेंगळुरूवाल्यांनी शुक्रवारपर्यंतच मुदत दिली आहे ना?