सुहासला पत्र: पाण्याखालून वर काय कळवायचं

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पाणबुडीचे फोटो घरी सगळ्यांना दाखवले. दोघांना बसता येईल एवढीच, पण अ‍ॅक्रिलिकचा घुमट काय सुरेख बसलाय! तू विचारलंस की वरच्या बोटीशी मजकुरातून संपर्काची सोय केली, तर पाण्याखालचा टेलिफोन, म्हणजे बोलणं ध्वनीच्या रूपात पाण्यातून पोचवणारं यंत्र, नाही घेतला तरी चालेल का. चालणार नाही. दोन्ही घे.

रेडिओचा विचार सोडूनच दे. खारं पाणी रेडिओलहरी गिळून टाकतं. आपल्या नौदलाचं तिरुनेलवेलीजवळ कट्टबोम्मन केंद्र आहे. तिथून अतिशय कमी वारंवारितेवर पाणबुड्यांना संदेश जातात, पण त्यासाठी प्रचंड अँटेना लागतात आणि संदेश जातो तो फक्त किनाऱ्यावरून पाणबुडीकडे, उलट नाही. तुझ्या हाती उरतो ध्वनी. समुद्रात तो सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे वेग पुरेसा आहे. अडचण येते ती प्रतिध्वनींची.

टेलिफोनवर आवाज जातो, पण तळावरून आणि पृष्ठभागावरून परतलेले आवाज त्यात मिसळतात. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची थ्रेशर पाणबुडी खोल पाण्यातल्या चाचणीत बुडाली, १२९ माणसं गेली. ‘स्कायलार्क’ हे साथीचं जहाज वरच होतं, टेलिफोनही चालू होता. तरी शेवटी शेवटी ऐकणाऱ्यांना तुटक शब्दच लागले. हे वाचल्यापासून मला वाटतं की महत्त्वाची गोष्ट नुसत्या आवाजावर सोडू नये. मजकूर आला तर तो अख्खा येतो, नाहीतर चुकलाय हे यंत्राला कळतं, आणि वेळेसकट नोंद राहते.

मोडेम, म्हणजे मजकुराचे ध्वनी करून पाठवणारं आणि पलीकडे पुन्हा मजकूर करणारं यंत्र, घेताना वेगाच्या आकड्यांना भुलू नकोस. नाटोनं २०१७ मध्ये अशा मोडेमसाठी ‘जेनस’ नावाचं खुलं मानक स्वीकारलं. इटलीतल्या ला स्पेझियाच्या संशोधन केंद्रात ते तयार झालं. त्याचा वेग आहे सेकंदाला जेमतेम ८० बिट. ११.५ किलोहर्ट्झच्या आसपास ते सतत सूर बदलत जातं, त्यामुळे आधीच्या सुराचा प्रतिध्वनी पुढच्याच्या आड येत नाही. मूळ संदेश फक्त ६४ बिटांचा. तुला तेवढा पुष्कळ आहे, कारण खाली बसून कुणी निबंध लिहीत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मंडळींनी २०२२ मध्ये साध्या स्मार्टफोनवरून पाणबुड्यांना, म्हणजे बुडी मारणाऱ्या माणसांना, संदेश पाठवता येतील असं अ‍ॅप केलं. त्यात हातांच्या खुणांवरून ठरवलेले २४० संदेश आहेत, म्हणजे प्रत्येकाला एक बाइट पुरतो. स्मार्टफोन तुझ्या उपयोगाचा नाही, कारण बंद कवचाच्या आतून ध्वनी पाण्यात नीट उतरत नाही. ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा भाग, बाहेरच हवा. पण ती ठरलेल्या संदेशांची कल्पना जरूर उचल.

तुमच्या व्हँकुव्हरकडच्या हाऊ साउंड खाडीत आणखी एक गोष्ट सांभाळ. नद्यांचं गोडं पाणी वर थर धरून असतं. त्यात आणि खालच्या खाऱ्या पाण्यात ध्वनीचा वेग वेगळा, म्हणून लहर वाकते. बोटीवरचा ट्रान्सड्यूसर त्या थराच्या चांगला खाली सोडा, आणि संदेश पाठवताना थ्रस्टर (पाणबुडी ढकलणारे पंखे) बंद ठेवा.

आता ज्याची मला खरी काळजी आहे ते. टायटॅनिकचे अवशेष बघायला जाणाऱ्या टायटन पाणबुडीचं वरच्या जहाजाशी बोलणं मजकुरातूनच चालायचं. १८ जून २०२३ ला शेवटचा संदेश आला, दोन वजनं सोडली एवढाच. त्यानंतर काही नाही. तटरक्षक दलाला कळवलं गेलं ते संध्याकाळी. आधीच्या बुड्यांमध्येही संपर्क तुटायचा. २०२२ च्या एका बुडीत तर वरून छोटे संदेश जात होते, पण पाणबुडी नेमकी कुठे आहे हे वरच्यांना कित्येक तास माहीत नव्हतं. लवकर कळवलं असतं तरी ती पाच माणसं वाचली नसती, कवच क्षणात चिरडलं होतं. पण तुझ्या बाबतीत बिघाड साधा असू शकतो. दोरात अडकणं, बॅटरी उतरणं. तिथे तास मोलाचे असतात.

म्हणून प्रत्येक संदेशाची पोच आलीच पाहिजे असं ठरवा. दर दहा मिनिटांनी खोली, ऑक्सिजन आणि बॅटरी यांचे आकडे यंत्रानं आपोआप वर पाठवावेत. एक चुकला की टेलिफोनवर विचारायचं. दुसराही चुकला आणि टेलिफोनवर उत्तर नाही, की वरच्यांनी मदत मागवायची, कुणाला विचारत बसायचं नाही. खालच्यांनी त्याच वेळी वर यायला निघायचं. आवाज मला यासाठी हवा की माणूस धापा टाकतोय का, अडखळतोय का हे ८० बिटांत कळत नाही.

तुझ्या संदेशांची यादी करून मला पाठव, मी एकेक तपासून देतो. ट्रान्सड्यूसर कवचावर कुठे बसवणार त्याचं रेखाचित्रही जोड. घुमटाचा त्याला वरून आडोसा नको. आणि वर बोटीवर कोण बसणार ते कळव, त्याच्याशीही मला बोलायचंय.

वहिनींना नमस्कार, चिमुरडीला आशीर्वाद.

तुझा,
मकरंद