डाय कोरणाऱ्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,
सा. न.

रविवारी आमच्या फिल्म सोसायटीत ‘ल काव्ह स रबिफ’ दाखवला. झील ग्रांझिए यांचा १९६१ सालचा फ्रेंच चित्रपट. त्याची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि ते जमलं ते तुमच्यामुळे.

गोष्ट मला ठाऊक होती. तिघांना डच गिल्डरच्या खोट्या नोटा छापायच्या असतात. दूरदेशी घोडे पाळून निवांत बसलेल्या ‘दाब’ला, म्हणजे नट जाँ गाबाँला, ते पॅरिसला बोलावून घेतात. पण ठसा कोरणारा रोबेर नेमकं करतो काय, हे विचारायला मी तुमच्याकडे आले. लग्नपत्रिकांचे पितळी डाय तुम्ही आयुष्यभर हातानं कोरलेत.

तुम्ही कपाटातून जुना गणपतीचा डाय काढलात. सोंड उलट्या बाजूला, अक्षरं उलटी. भिंगाखाली बोट ठेवून म्हणालात, “ही रेघ बघ. कोरणी एकदा घसरली की पितळ फुकट.” मग शंभराची नोट हातात देऊन गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवायला लावलात. खोल कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, आणि कागद इतका जोरात दाबायचा की शाई उठून यावी. तो खरखरीतपणा मी आजवर कितीदा हाताळला असेल, पण तो कुणाच्या तरी हातातून आलाय हे कधी मनातच आलं नव्हतं.

त्यानंतर चित्रपट पुन्हा पाहिला आणि रोबेर वेगळाच दिसला. बायको सोलांज त्याला फसवते, टोळीतले त्याला भोळसट समजतात. एकटा दाब त्याच्या कामाकडे बघतो. शेवटी ते दोघंच बाकीच्यांना हातोहात बनवून पैसे घेऊन जातात, यात मला आता काहीच नवल वाटत नाही. कसबी माणसाला कसबी माणसानंच ओळखलं! माझ्या मते सगळा चित्रपट तिथं उभा आहे, आणि मी हेच सांगितलं. गाबाँच्या रुबाबाबद्दल एरवी बरंच बोलले असते, ते चार वाक्यांत आटोपलं.

तुमचा डाय मी टेबलावर ठेवला होता. चित्रपट संपल्यावर मुलं तो हातात घेऊन बराच वेळ बघत होती. दोघींना तुमच्याकडे येऊन काम बघायचंय. शनिवारी दुपारी डाय परत करायला येईन, तेव्हा त्यांना बरोबर आणू का? काकूंना नमस्कार.

तुमची,
अश्विनी