‘ईसीजी नॉर्मल होता’, पण किती वाजताचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदयविकाराने कोणी अचानक गेल्याची बातमी आली, की तिच्यात एक वाक्य हमखास असते : ‘आदल्या दिवशीच काढलेला ईसीजी नॉर्मल होता.’ नातेवाइकांचे हे म्हणणे खोटे नसते, पण अपुरे असते. सोलापुरात ३१ वर्षे ईसीजी काढण्याचे काम करून मी निवृत्त झालो. निदान करणे हे डॉक्टरांचे काम. माझे काम जेली लावायची, लीड (छातीला व हातापायांना लावायच्या तारा) जोडायच्या आणि निघालेला कागद त्यांच्या हाती द्यायचा एवढेच. तरीही इतके कागद नजरेखालून गेल्यावर त्या ‘नॉर्मल’ शब्दाविषयी चार ओळी लिहाव्याशा वाटल्या.

ईसीजी हृदयातील विजेची नोंद करतो. तो रक्तवाहिनीचा फोटो नव्हे. वाहिनी ७० टक्के अरुंद झालेली असली, तरी माणूस शांत पडलेला असताना काढलेला ईसीजी अगदी स्वच्छ येऊ शकतो. पुढे त्याच जागी चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी पूर्ण बंद होते. त्यानंतरच्या खुणा कागदावर टप्प्याटप्प्याने उमटतात, आणि पहिला टप्पा नेमका नजरेतून निसटणारा असतो.

एका पहाटेचा प्रसंग सांगतो. साधारण पंचेचाळिशीचा एक यंत्रमाग कामगार रात्रपाळी अर्धवट सोडून आला होता. दरदरून घाम, जबड्यात ओढ, आणि तोंडी एकच वाक्य : ‘रात्री शेंगाचटणी जास्त झाली, पित्त झालंय.’ कागद निघाला. छातीवरच्या व्ही-२ ते व्ही-४ या लीडमध्ये टी-लहरी, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटी उमटणाऱ्या लहरी, बुडाशी रुंद, फुगीर आणि शेजारच्या आर-लहरीपेक्षाही (ठोक्याच्या टोकदार सुळक्यापेक्षाही) उंच होत्या. एसटीची रेषा, म्हणजे तो सुळका आणि टी-लहर यांमधला तुकडा, मात्र जेमतेम उचललेली. यंत्राने वर ‘नॉर्मल’ छापले होते आणि ती ओळ मीच मोठ्याने वाचून दाखवली. पित्ताचे इंजेक्शन देऊन त्याला बाकावर बसवले. चाळीस मिनिटांनी वेदना वाढल्या म्हणून पुन्हा ईसीजी काढला, तेव्हा एसटी इतकी वर गेली होती की ती ओळखायला डॉक्टरांचीही गरज नव्हती. तो वाचला, पण हृदयाची पंपिंग क्षमता घटली आणि मागावर उभे राहणे सुटले. त्या फुगीर टी-लहरी म्हणजे वाहिनी नुकतीच बंद झाल्याची खूण असू शकते, हे मला पुढे एका हृदयरोगतज्ज्ञांनी तोच कागद समोर ठेवून समजावले.

वाहिनी बंद पडल्याचा झटका कागदावर ओळखण्याचा रूढ नियम मिलिमीटरचा आहे. शेजारच्या दोन लीडमध्ये एसटी किमान १ मिलिमीटर उचललेली हवी. व्ही-२ व व्ही-३ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांसाठी २, तर स्त्रियांसाठी दीड. नियम उपयोगाचा आहे, परंतु तो न बसणाऱ्या रुग्णावर ‘नॉन-स्टेमी’ (एसटी न उचललेला झटका) असा शिक्का बसून अँजिओग्राफी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसावर जाऊ शकते. आणि अशा रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याची वाहिनी अँजिओग्राफीत पूर्ण बंद सापडते, असे अभ्यास सांगतात. म्हणूनच अमेरिकेतील काही आपत्कालीन डॉक्टरांनी २०१८ मध्ये असा आग्रह धरला, की एसटी किती उचलली यापेक्षा वाहिनी बंद आहे का, हा प्रश्न आधी विचारावा. हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका हे त्याचे ठळक उदाहरण. नेहमीच्या बारा लीडपैकी एकही पाठीवर नसते. त्यामुळे मागची उचल समोरच्या व्ही-१ ते व्ही-४ मध्ये उलटी, म्हणजे एसटी खाली गेलेली, अशी दिसते. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली व्ही-७ ते व्ही-९ जोडल्या की उलगडा होऊ शकतो. काम दोन मिनिटांचे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. (व्ही-१ आणि व्ही-२ चौथ्या फासळीखालच्या जागेत लावायच्या सोडून दोन बोटे वर लावणारेही मी पुष्कळ पाहिले, त्या चुकीचे खापर मात्र यंत्रावर फुटते.)

ट्रोपोनिन या, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीवरही सुरुवातीला विसंबता येत नाही, कारण ते वाढायला काही तास लागतात. छातीत दुखणे चालू असेल, तर पहिला ईसीजी कसाही येवो, पंधरा ते तीस मिनिटांनी दुसरा काढावा, तरीही दुखत राहिले तर तिसरा, आणि प्रत्येकावर वेळ लिहावी. करमाळा, सांगोल्याकडून शहरात येईपर्यंत जे दोन-तीन तास जातात, त्यांत हे कागद एकमेकांशेजारी ठेवले की मोठ्या डॉक्टरांना मोबाइलवरूनही बदल दिसतो. घरातला जुना ईसीजीही तितकाच मोलाचा आहे. मात्र तो उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असेल, तर दोन-चार वर्षांत फिका पडतो आणि लॅमिनेशन केले तर पार काळा होतो. म्हणून त्याची झेरॉक्स काढून ठेवावी.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. ‘ईसीजी नॉर्मल होता’ असे छापण्यापूर्वी तो दुखणे सुरू झाल्यावर किती वेळाने काढला होता आणि पुन्हा काढला होता का, एवढे विचारून तेही बातमीत द्यावे.

आपला नम्र,
एक निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ, सोलापूर